काय माल आहे? केमिकल!

महामार्गावर टँकर बाजूला घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय माल आहे?" उत्तरही ठरलेलं असतं. "केमिकल." गंधकाम्लापासून थिनरपर्यंत सगळं रसायनशास्त्र या एका शब्दात बसतं. विचारणाऱ्याचं समाधान होतं, सांगणारा सुटतो. "कसलं केमिकल?" असा पुढचा प्रश्न येऊ शकतो, नाही असं नाही. पण तो विचारला तर उत्तर ऐकावं लागेल, आणि उत्तर 'ऑर्थो-नायट्रोक्लोरोबेन्झीन' असं निघालं तर ते वहीत लिहावं लागेल, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून अनुभवी साहेब तिथेच थांबतात आणि म्हणतात, "कागद दाखव."

या 'कागद दाखव'वर माझं पोट आहे. तळोज्याच्या कारखान्यांतून वापी, अंकलेश्वर, दहेजकडे जाणाऱ्या टँकरच्या फायली लावणं हे माझं काम. टाकीत माल किती आहे हे काट्यावर कळतं. गाडी रस्त्यावर काढण्यालायक आहे की नाही हे मात्र फायलीच्या जाडीवरून ठरतं, अशी आमच्या धंद्यात श्रद्धा आहे. आरसी, पासिंग, विमा, पीयूसी, नॅशनल परमिट, टॅक्सची पावती एवढं तर कांदे नेणारा ट्रकही बाळगतो. माल धोकादायक असला की त्यावर थर चढू लागतात. ड्रायव्हरच्या लायसनवर धोकादायक मालाची वेगळी नोंद. तिच्यामागे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. माल भरणाऱ्या कारखान्याचं सुरक्षा माहितीपत्रक. सांडलं, पेटलं, डोळ्यांत गेलं तर काय करायचं ते सांगणारं ट्रेम कार्ड. भोपाळनंतर देशाला जाग आली आणि १९९१ मध्ये पब्लिक लायबिलिटी विम्याचा कायदा झाला, त्या विम्याची प्रत. आणि पेट्रोलियमचा टँकर असेल तर पेसोचा परवाना. पेसो म्हणजे पूर्वीचं स्फोटक खातं. त्याचं मुख्यालय नागपूरला आहे. देशातल्या समस्त ज्वालाग्राही पदार्थांचा कारभार नागपुरातून चालतो याचं, मे महिन्यात त्या शहरात पाऊल ठेवलेल्या कुणालाही नवल वाटणार नाही.

२०१८ पासून हे बरेचसे कागद मोबाइलवर दाखवले तरी चालतात. नियमात तसं स्पष्ट आहे. पण मोबाइलवरचा कागद हातात घेऊन उलटसुलट करता येत नाही, उन्हाला धरता येत नाही, त्याचा कोपरा नखाने उचकटता येत नाही. तपासणीतला निम्मा आनंदच जातो. त्यामुळे आम्ही मोबाइलवरही ठेवतो आणि फायलीतही ठेवतो.

फाइल लावणं हे कारकुनी काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ते कधी केलेलं नसतं. कुठला कागद कुठे ठेवायचा यात माणसाच्या स्वभावाचा अभ्यास आहे. साहेब उभे असतात, ऊन असतं, मागे पंधरा गाड्या हॉर्न वाजवत असतात. अशा वेळी पहिली चार पानं नीट पाहिली जातात, मधली भराभर उलटली जातात आणि शेवटचं पान पुन्हा नीट पाहिलं जातं. आता मुदत संपायला आठवडा राहिलेली पीयूसी कुठे ठेवायची, हे वाचकांनीच ठरवावं.

याहून मोठं तत्त्व मला एका जुन्या ड्रायव्हरमामांनी शिकवलं. फाइल पूर्ण निर्दोष असता कामा नये. कागद बरोबर, टायर बरोबर, दिवे बरोबर, पट्ट्या बरोबर, असं सगळंच बरोबर निघालं की तपासणाऱ्याचा विरस होतो. माणूस उन्हात उभा आहे, त्याला काहीतरी सापडलं पाहिजे. काही सापडत नाही म्हटल्यावर तो जिद्दीने शोधू लागतो, आणि टँकरमध्ये जिद्दीने शोधलं तर सापडणार नाही असं काही नाही. म्हणून मामा डाव्या बाजूच्या पिवळ्या रिफ्लेक्टर पट्टीचा एक तुकडा निघालेला ठेवतात. साहेबांचं लक्ष तिकडे जातं, साहेब बोट दाखवतात, मामा कपाळावर हात मारतात, "आत्ताच लावतो साहेब" म्हणून कप्प्यातून नवी पट्टी काढून तिथल्या तिथे चिकटवतात. तपासणी यशस्वी होते. सरहद्द ओलांडल्यावर मामा ती पुन्हा अर्धी सोडवतात, कारण पुढच्या राज्यातही माणसंच आहेत.

या सगळ्यात ई-वे बिल नावाचं एक घड्याळ टिकटिकत असतं. दोनशे किलोमीटरला एक दिवस, असा त्याचा हिशोब. तळोजा ते अंकलेश्वर तीनशेच्या वर जातं, म्हणजे दोन दिवस. कागदावर हे अंतर कुणीही झोपा काढत कापील. पण ई-वे बिल ज्यांनी बनवलं त्यांनी घोडबंदर रोड पाहिला नसावा. तिथे अवजड गाड्यांच्या वेळा वेगळ्या, खड्डे वेगळे, आणि एखादी गाडी आडवी झाली की वेळ या गोष्टीचाच अर्थ जातो. मुदत वाढवून घेता येते, पण ती संपण्याच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत. त्यामुळे रात्री दोन वाजता मला फोन येतो, आणि पलीकडून ज्वालाग्राही द्रवाच्या टाकीसमोर बसलेला माणूस फक्त तारखेची काळजी करत असतो.

आता गाडी बघू. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत धोकादायक मालासाठी एक अख्खा गठ्ठा आहे, १२९ पासून १३७ पर्यंत. त्यातला १३४ वा नियम मला फार आवडतो, कारण तो मिलिमीटरमध्ये बोलतो. टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे आपत्कालीन माहितीची पाटी हवी. तिच्यावर मालाचं शास्त्रीय नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत. संयुक्त राष्ट्रांचा ओळख क्रमांक किमान १०० मिलिमीटर उंचीच्या आकड्यांत. धोक्याच्या वर्गाचं चौकोनी चिन्ह, बाजू किमान २५० मिलिमीटर. आणि फोन नंबर, पुन्हा ५० मिलिमीटर.

नियम करणाऱ्यांनी टँकरची पाठ कोरी धरली होती. ती कोरी कधी नसते. तिथे आधीपासून भगवानबाबा प्रसन्न असतात. खाली आईवडिलांचा आशीर्वाद असतो. शेठच्या दोन मुलांची नावं असतात, आणि त्यांना ५० मिलिमीटरचं बंधन नसल्याने ती फूटभर उंच असतात. दोन मोर किंवा दोन वाघ असतात. लाल रिफ्लेक्टर पट्टी असते. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बंदी घातली, त्याची पुसट आठवण असते. बुरी नजरवाल्याला उद्देशून दोन ओळी असतात, आणि नजरेवर भरवसा नको म्हणून बंपरखाली काळी बाहुली किंवा जुनी चप्पल लोंबत असते. या सर्व मंडळींनी जरा सरकून घेतल्यावर जी जागा उरते, तिथे संयुक्त राष्ट्रं येतात.

चिन्हांचं वाचन हा वेगळा विषय. कवटीचं चिन्ह सगळ्यांना कळतं. ज्वाळेचंही कळतं. दाहक पदार्थांच्या, म्हणजे आठव्या वर्गाच्या चिन्हात दोन परीक्षानळ्यांतून थेंब पडतायत, एका हातावर आणि एका धातूच्या पट्टीवर, आणि दोन्ही खराब होतायत. एका नव्या क्लीनरने हे चिन्ह बराच वेळ न्याहाळलं आणि मला सांगितलं, "हात धुवा असं लिवलंय." ते करोनाचे दिवस होते, त्यामुळे मी त्याला दोष देत नाही. गंधकाम्ल अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवायचंच असतं, तेव्हा एका अर्थाने पोरगा पासही झाला.

बरं, माल दर खेपेला बदलतो. आज टोल्यूइन, परवा इथाइल ॲसिटेट. म्हणून पाट्या खोबणीत सरकवायच्या असतात आणि बाकीच्या सीटखाली रचलेल्या असतात. परतीच्या वाटेवर गाडी रिकामी असते, तेव्हा काही जण पाटी उलटी करून टाकतात, कारण माल नाही तर पाटी कशाला? साहेबही "खाली आहे का? जा" म्हणतात. वास्तविक न धुतलेल्या टाकीत वाफ भरून राहिलेली असते, आणि पेट घ्यायला द्रवापेक्षा ती अधिक उत्सुक असते. रिकामा टँकर म्हणजे भरलेलाच, फक्त भाडं नसलेला.

केबिनमध्ये डोकावलं की नियम आणि संसार यांची भेट होते. प्रथमोपचाराची पेटी असते. तीत कंगवा, खोबरेल तेलाची बाटली, झंडू बाम, सुईदोरा आणि मुलीच्या शाळेच्या फीची पावती असते. बँडेजही असतं, पण ते सील न फोडलेलं, केवळ दाखवण्यासाठी. अग्निशामक नळकांडी असते. तिच्यावरची तारीख आम्ही ऑफिसात पाहतो, तिची पिन गंजली आहे का ते रस्त्यावर कुणी पाहत नाही. 'धूम्रपान सक्त मना' अशी पाटी असते. आणि तिच्या बरोब्बर खाली, डॅशबोर्डवरच्या देवापुढे, रोज सकाळी दोन उदबत्त्या लागतात. एक्झॉस्टमधून ठिणगी उडू नये म्हणून नियम १२९-अ खाली स्पार्क अरेस्टर बसवलेला आहे, त्याचं बिल फायलीत आहे. आणि केबिनमध्ये उदबत्ती. मी एकदा विचारलं तर मामा शांतपणे म्हणाले, "ती त्याचीच तर व्यवस्था आहे." यावर कुठल्याही नियमाखाली उत्तर नाही.

रात्री ढाब्याच्या मागे टँकर लागले की दोन टँकरच्या मधल्या आडोशाला स्टो पेटतो. वारा लागत नाही ना तिथे. नियम १३३ सांगतो की गाडी आगीपासून सुरक्षित जागी उभी करावी आणि ती सतत ड्रायव्हरच्या किंवा अठरा वर्षांवरच्या जाणत्या माणसाच्या नजरेखाली असावी. नजरेखाली ती असतेच. भाकरी भाजेपर्यंत दोघंही तिच्याकडेच बघत असतात.

ड्रायव्हर मंडळींना काही माहीत नसतं असा मात्र समज करून घेऊ नका. धोकादायक मालाच्या लायसनसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. पूर्वी ती नोंद वर्षभरच चालायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं चालते आणि नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी लागते. शिवाय एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहितावाचता यायला हवं अशी अट आहे. प्रशिक्षणात पहिला दिवस जागं राहण्यात जातो, दुसरा झोपण्यात, तिसरा फोटो काढण्यात, हे खरं. पण त्यातल्या एका बीडच्या मामांना मी मालाचं नाव विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नाव न्हाई येत साहेब, पर सांडल्यावर काय व्हतंय ते येतंय." मग त्यांनी मला सांगितलं. वारा कुठून असला तर कुठे पळायचं, कुठल्या मालावर पाणी मारायचं आणि कुठल्यावर चुकूनही मारायचं नाही, कुठल्याचा वास येतो आणि कुठल्याचा वास यायचा थांबला की अधिक घाबरायचं. आमच्या फायलीत हे कुठेच इतक्या सोप्या भाषेत नाही. साहेबांनीही त्यांना हे कधी विचारलेलं नाही. विचारतात ते लायसनची झेरॉक्स.

पाटीवर आणखी एक गोष्ट असते, जिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. पेट्रोलच्या टँकरवर १२०३ या आकड्यासोबत '३ वाय ई' असं काहीतरी लिहिलेलं दिसतं. गाडीच्या पासिंगचा नंबर असेल म्हणून लोक सोडून देतात. हा हॅझकेम कोड. लंडनच्या अग्निशमन दलाने काढलेला. यातलं ३ म्हणजे आग विझवायला फेस वापरा. वाय म्हणजे माल अचानक उसळू शकतो, श्वसनयंत्र लावा आणि सांडलेलं गटारात, ओढ्यात जाऊ देऊ नका. ई म्हणजे आसपासची माणसं हलवण्याचा विचार करा. गंधकाम्लाच्या टँकरवर १८३० आणि '२ पी' असतं: पाण्याचा बारीक फवारा मारा, अंगभर संरक्षक पोशाख घाला, माल पाण्याने पातळ करून वाहू दिला तरी चालेल. अर्धं पान भरेल एवढ्या सूचना दोन-तीन खुणांत बसवल्या आहेत, कारण ज्याच्यासाठी त्या लिहिल्या त्याला पान उलटायला वेळ नसतो. तो धुरात उभा असतो, लांब असतो, आणि ड्रायव्हरला विचारायची सोय नसते. अक्षरं ५० मिलिमीटर आणि आकडे १०० मिलिमीटर का, तर त्याला लांबून वाचता यावेत म्हणून.

तर पाटीचा खरा वाचक बंबवाला आहे, आणि आम्ही सगळी तयारी करतो साहेबांसाठी. साहेबांना पाटी आहे का ते बघायचं असतं, म्हणून आम्ही पाटी लावतो. ती वाचता येते का, तिच्यावरचा आकडा आत भरलेल्या मालाचाच आहे का, तिच्यावर चिखल किती आहे, हे प्रश्न कुणाच्याच फायलीत येत नाहीत. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान आलं की टँकर धुतले जातात, पाट्या रंगवल्या जातात, आणि रंगाऱ्याला यूएन क्रमांक म्हणजे काय ते माहीत नसल्याने कधीकधी १२०३ चा १२०८ होतो. हा क्रमांक दुसऱ्याच कुठल्या पदार्थाचा आहे. पण रंग छान असतो, त्यामुळे तपासणीत पास होतो.

फोन नंबरचीही तीच गत. मला एक खोड आहे. कोंडीत अडकलो की पुढच्या टँकरच्या पाटीवरच्या आपत्कालीन नंबरला फोन लावून बघायचा. एकदा फॅक्सची शिट्टी ऐकू आली. एकदा 'हा क्रमांक अस्तित्वात नाही.' एकदा मात्र लागला. पलीकडे वॉचमन होता.

"साहेब जेवायला गेलेत. काय काम होतं?"

"तुमचा टँकर माझ्यापुढे उभा आहे."

"उलटला का?"

"नाही."

"मग उद्या करा," असं म्हणून त्याने फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्या तिघांमध्ये त्याचीच सेवा सर्वोत्तम होती. निदान त्याने योग्य प्रश्न विचारला.

आणि उलटतात. जून २०२३ मध्ये लोणावळ्याजवळ द्रुतगती मार्गावर ज्वालाग्राही रसायनाचा टँकर पेटला, तेव्हा पेटतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं आणि खालून जाणाऱ्यांचाही जीव गेला. त्या माणसांचा ना गाडीशी संबंध होता, ना मालाशी, ना फायलीशी.

टँकर उलटल्यावर काय होतं ते ट्रेम कार्डावर एक असतं आणि रस्त्यावर दुसरंच. नियम १३६ प्रमाणे ड्रायव्हरने ताबडतोब जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं असतं. प्रत्यक्षात त्याला आधी जमावापासून जीव वाचवायचा असतो, कारण चूक कुणाची याची चौकशी आपल्याकडे हातांनी होते. तो पळतो. क्लीनर पळतो. ट्रेम कार्ड आणि मी प्रेमाने लावलेली फाइल केबिनमध्ये राहते, आणि केबिन खाली असते. सांडल्यावर काय होतं ते ज्याला येतं तो माणूस शेतातून पळत असतो. त्याच वेळी गावातून उलट दिशेने माणसं येत असतात: कॅन, घागरी, तेलाचे डबे, एखादा तर चक्क पाण्याची टाकी ट्रॅक्टरवर टाकून. काय सांडलंय हे कुणी विचारत नाही. फुकट आहे एवढं कळतं. कुणीतरी मोबाइलवर शूटिंग करत असतो आणि कुणीतरी, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, अंधारात नीट दिसावं म्हणून काडी ओढायच्या बेतात असतो. अशा वेळी घटनास्थळी शाबूत आणि वाचण्याजोगी गोष्ट एकच उरलेली असते, ती म्हणजे मागची पाटी. भगवानबाबा आणि शेठच्या मुलांच्या मध्ये, चिखलाने माखलेली.

म्हणून माझ्या धंद्यातल्या लोकांना एकच सांगणं आहे: गाडी सुटताना फाइल एकदा कमी बघा आणि ओल्या फडक्याने पाटी पुसा, तिच्यावरचा आकडा बिल्टीतल्या मालाशी ताडून बघा, फोन नंबर स्वतः लावून बघा, जेवायच्या सुट्टीत लावा. आणि तुम्ही वाचक मंडळी, टँकर आडवा झालेला दिसला तर वारा पाठीवर घेऊन लांब उभे राहा, जमलं तर पाटीवरचा चार आकडी क्रमांक वाचा आणि ११२ ला फोन करून तो सांगा. तिकडून "काय माल आहे?" असं विचारलं, तर कृपा करून "केमिकल" म्हणू नका.

कॅन घरीच ठेवा.